मुक्ताईची जाळी

आमच्या सोसायटीत दिवे गेले की माणसं गच्चीवर येतात, आणि गच्चीवर आली की माझ्या तावडीत सापडतात. माझ्या गोष्टींतलं निम्मं खोटं असतं, असं आमची ही नव्या भाडेकरूंना आधीच सांगून ठेवते. निम्मं कुठलं, ते मात्र तिलाही ठाऊक नाही.

परवा वैशाख अमावस्येला संध्याकाळीच ट्रान्सफॉर्मर उडाला. जेवण उरकून मी चटई घेऊन वर गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं कठड्याला टेकून उभं होतं. गंधार आणि पद्मजा. तो अमरावतीचा, हिंजवडीत कंपनीत. ती शनिवार पेठेतली. म्हणजे बोलणं नेमकं आणि शेवटी चिमटा.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "सोसायटीचं नाव 'करवंद व्हॅली'. गेटवर एवढं मोठं करवंदाचं चित्र. म्हणजे काढणाऱ्यानं जांभूळ काढलंय, पण असो. इथं करवंदाचं झाड कुठाय?"

"झाड नाही म्हणायचं. जाळी," मी म्हणालो. "काटेरी, दाट, पुरुषभर उंच. फांदी मोडली की दुधासारखा चीक. चैत्रात पांढरी फुलं, वैशाखात काळी फळं."

"बरं, जाळी. कुठाय?"

"होती."

"मग?"

"मग काय, नाव ठेवलं. आपल्याकडे रीतच आहे ती. आमराई तोडली की तिथं 'आम्रकुंज' उभं राहतं, ओढा बुजवला की 'निर्झर'. ज्याला मारलं त्याची पाटी दाराला."

गंधार हसला. पद्मजा हसली नाही. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बसा," मी म्हणालो. "दिवे काही एवढ्यात येत नाहीत. आणि ही गोष्ट ऐकीव नाही. माणूस माझ्या ओळखीतला आहे, माझ्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक, तुम्हीही रोज बघता. कॉर्नरच्या बंगल्यातले संभाजीराव."

"ते मे महिन्यातसुद्धा फुल शर्ट घालून फिरतात ते?" गंधार म्हणाला.

"तेच. मनगटाचं बटणसुद्धा लावलेलं असतं. लक्षात ठेव ते."

तर ही सगळी टेकडी संभाजीरावांच्या वडिलांची. त्यांना दोनच मुलं. थोरला संभाजी, धाकटी मुक्ताई. आपलं गेट यायच्या आधी रस्ता वळतो ना, सोलरचा दिवा आहे तिथं, त्या वळणावर ती जाळी होती. इतकी घेरदार, की दोघं दोन बाजूंनी करवंदं तोडायला लागली तर एकमेकांना दिसायची नाहीत. नुसते आवाज यायचे.

आणि खेळायची काय, तर कोंबडा की कोंबडी.

"म्हणजे?" गंधार म्हणाला.

"अरे, करवंद हातात धरायचं आणि विचारायचं, कोंबडा की कोंबडी?" पद्मजानं सांगितलं. "समोरच्यानं काय ते म्हणायचं, मग फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. अमरावतीला संत्र्यांपलीकडे काही शिकवत नाहीत का?"

बरोबर. या दोघांनी त्यात आपला एक नियम घातला होता. हरेल त्यानं जाळीत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि आतली, सावलीत पिकून गोड झालेली करवंदं काढायची. खायची जिंकणाऱ्यानं.

आता टेकडीवर जाळ्या पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या फळाचा काही भरवसा नसायचा. पण या एका जाळीचं करवंद फोडलं की आत लालच. कधी म्हणून पांढरं निघालं नाही. संभाजीला हे लवकर कळलं. तो नेहमी याच जाळीचं करवंद तिच्या हातात द्यायचा आणि नेहमी 'कोंबडा' म्हणायचा. मुक्ताई नेहमी हरायची. तिच्या लग्नात बांगड्या भरायला आलेल्या कासारणीनं ओरखड्यांनी भरलेले हात बघून विचारलं होतं म्हणे, "पोरीनं मांजरं पाळलीत का?"

"एवढी वर्षं तिला कळलं नाही?" पद्मजा म्हणाली.

"तिला त्याच्याही आधी कळलं होतं. पण जिंकला की भाऊ खूश व्हायचा. एवढंच."



मुक्ताईला दिलं लोणी काळभोरला. संभाजी दर वैशाखात या जाळीच्या करवंदांची पाटी भरून तिला वानवळा पोचवायचा. माहेरचं पहिलं फळ. ती ते सगळ्या आळीला वाटायची, आणि प्रत्येकाला फोडून दाखवायची, "बघा, लाल. आमच्या जाळीचं."

मग हिंजवडी वाढत वाढत टेकडीच्या पायथ्याला आली. जमीन विकायची तर बहिणीची सही लागते. हक्कसोड. तुम्हाला माहीतच आहे ते. बहिणीला माहेरी आणायचं, पुरणपोळी करायची, चांगलीशी साडी नेसवायची आणि त्याच साडीत रजिस्ट्रारच्या हापिसात न्यायचं. बहिणी सही करतात. केली नाही तर माहेर तुटतं, आणि केली तर माहेर उरत नाही.

मुक्ताईनं सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दादा, मला कायबी नको. जाळी तेवढी ठिव. आन् वैशाखात पाटी धाडत जा."

संभाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या डोक्यावर हात ठिवून सांगतो मुक्ते, जाळीला कुणी शिवायचं न्हाय."

आणि काही वर्षं खरंच कुणी शिवलं नाही. त्या गोष्टीचा संभाजीरावांना अभिमान होता. गावात कुणी भेटलं की सांगायचे, बहिणीसाठी जाळी राखलीय. सोसायटीचं हे नाव त्यांनीच सुचवलेलं. पण पुढं बांधकामाच्या मोठ्या गाड्या त्या वळणावर अडकायला लागल्या. बिल्डर म्हणाला, "संभाजीराव, तेवढं झुडूप बाजूला घेऊ." झुडूप! संभाजीराव 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'ही म्हणाले नाहीत. चैत्रात एका सकाळी जेसीबी आला. जाळी फुलांनी पांढरी झालेली होती. दुपारपर्यंत तिथं सपाट जमीन, आणि आठवड्यात डांबर.

मुक्ताईला कुणी कळवलं नाही. लोणी कुठं, टेकडी कुठं. मध्ये अख्खं पुणं.

त्याच वैशाखात मुक्ताईची किडनी गेली. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं.

आता तारीख सांगतो, हवं तर कॅलेंडर काढून बघा. दोन हजार तेवीस, एकोणीस मे, शुक्रवार. वैशाख अमावस्या, शनिजयंती. दुपारी संभाजीरावांना मुक्ताईच्या सुनेचा, श्यामलाचा, फोन आला. "मामा, आईंनी अन्न सोडलंय. सारखं एकच विचारतायत, दादाची पाटी आली का?"

"सांगून टाकायचं ना," गंधार म्हणाला. "चूक झाली, जाळी गेली. सिंपल."

"तू सांगितलं असतंस?"

गंधारनं चटईवरची धूळ झटकली.

संभाजीरावांनी काय केलं ते ऐका. मुळशीकडच्या बायका पौड फाट्याला करवंदं घेऊन बसतात. त्यांच्याकडून करवंदं घेतली. घरी आणून दरवर्षीच्या त्याच पाटीत ओतली. बाजारची वाटू नयेत म्हणून त्यात थोडा पाला टाकला, चार हिरवी टाकली, वर दोन काड्या. खोटं बोलायचं तर नीट बोलावं. ते मला हे सगळं नंतर सांगत होते तेव्हा त्या दोन काड्यांपाशी आले आणि पुढं बोलेचनात.

लोणीला पोचले तेव्हा रात्र झाली होती. मुक्ताई पडवीत खाटेवर. अंगाला सूज, डोळे तेवढे जागे.

"आलास व्हय दादा? पाटी?"

"आनली की."

"आपल्या जाळीची?"

"मग! दुसरीकडची कशाला आनीन?"

श्यामलानं तिला उशीला टेकवून बसवलं. मुक्ताईनं पाटीत हात घातला. एक करवंद घेतलं, बोटांत फिरवलं आणि लहानपणीसारखी मूठ पुढं केली.

"कोंबडा का कोंबडी?"

संभाजीराव सवयीनं म्हणाले, "कोंबडा."

तिनं नखानं फोडलं. आत पांढरं.

तिनं दुसरं घेतलं. पांढरं. तिसरं घेतलं. ते श्यामलाकडे दिलं आणि म्हणाली, "तू फोड, माझी नजर गेलीया." श्यामलानं फोडलं. पांढरं.

आत कुणीतरी टीव्ही बंद केला.

"आज पयल्यांदा हरलास दादा," मुक्ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं संभाजीराव म्हणतात. "ही आपल्या जाळीची न्हाईत. गडबडीत दुसरीकडची तोडलीस. व्हय ना?"

बघा, पोरांनो. तिनं वाट करून दिली होती. इथं तरी माणसानं बोलावं.

संभाजीराव म्हणाले, "व्हय. अंधार हुता. चुकलं."

"मग जा. आपल्या जाळीची आन." तिनं डोळे मिटले. "मी थांबते."

ते उठले. उद्या बाजारात लाल बघून घेऊ, फोडून फोडून घेऊ, असं मनात ठरवून उठले. दारातून वळून बघितलं तर तिनं फोडलेली करवंदं पदराला पुसून परत पाटीत ठेवली होती. एकेक.

गाडी सोलापूर रस्त्याला लागली. हडपसरच्या पुलावर फोन वाजला. श्यामला. उचलला नाही. ती विचारणार, मामा, आईंना असं का फसवलंत? मग त्यांनी फोनचा आवाजच बंद केला. विद्यापीठाच्या चौकात मेट्रोचे पत्रे लावलेले, तिथं अडकले. शनिजयंतीचं तेल वाहून लोक घरी चालले होते. बाणेर, मग हिंजवडी. शेवटची शिफ्ट सोडून रिकाम्या बसेस उभ्या. मग आपला रस्ता. तेव्हा इथं दिवे नव्हते. सोसायटी अर्धी बांधलेली. चिटपाखरू नाही.

चढ संपला. गाडी वळली.

आणि पुढं रस्ता नव्हता.

जाळी होती.

हेडलाइटमध्ये पुरती उभी. तीच. तेवढाच घेर. काळी करवंदं लगडलेली... आणि पांढरी फुलंही. दोन्ही एकदम. फुलं चैत्रात झडून जातात, पोरांनो. वैशाखात फूल राहत नाही. पण होती. त्याचा वास बंद काचेतून आत येत होता.

"पळाले का नाहीत?" पद्मजानं विचारलं. आवाज हळू होता.

तेच तर. मीही हेच विचारलं. ते म्हणाले, "मिस्तरी, भ्या वाटलंच न्हाय. आनंद झाला." त्यांना वाटलं, अरे, तोडलीच नव्हती की! आपल्यालाच काहीतरी आठवतंय उलटसुलट. खोटं बोलायची सवय लागली की आपलं खोटं खरं झालेलं बघून माणसाला आश्चर्यसुद्धा वाटत नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, दिवे चालू ठेवले. खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि तोडायला लागले. भराभर. आत्ताच्या आत्ता परत लोणीला जायचं. तिच्या हातात द्यायची. फोड म्हणायचं.

बोटांना चीक लागत होता. काटे लागत होते. खरे काटे.

तेवढ्यात पलीकडून फांदी हलली.

कुणीतरी पलीकडच्या बाजूनं तोडत होतं. करवंद तुटताना बारीक आवाज होतो. टक्. मग पानांची सळसळ. टक्. संभाजीरावांना वाटलं, वाडीवरची कुणी बाई असेल. इतक्या रात्री? असेल.

मग आवाज आला.

"दादा... तिकडं पिकलीत का?"

आणि ते म्हणाले, "व्हय."

तोंडातून निघून गेलं. लहानपणापासून याच जाळीला याच प्रश्नाचं हेच उत्तर. 'व्हय' म्हणून झालं, आणि मग हात थांबला.

आवाज मुलीचा नव्हता. म्हातारीचाही नव्हता. त्यांना सांगता येत नाही. मुक्ताईचा होता.

मुक्ताई तिकडं लोणीला होती. खाटेवर. तिला बसवायलासुद्धा माणूस लागत होतं.

खिशात फोन उजळला. त्यांनी काढला. श्यामला. आधीचेही बरेच पडलेले... सगळे तिचेच.

"कुणाचा फोन हाय?" पलीकडून.

"श्यामलाचा."

"नको उचलू."

...

"मी हितं हाय की."

मी इथं थांबलो. मुद्दाम नाही. खाली कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, ते गप्प झालं म्हणून थांबलो. गंधार पद्मजाच्या जवळ सरकला होता. की ती त्याच्या, अंधारात कळलं नाही.

फोन हातात उजळत राहिला. मग विझला.

गाडीचे दिवे पिवळे पडत चालले.

पलीकडे टक्. सळसळ. टक्.

"दादा. एक घे."

त्यांनी घेतलं.

"कोंबडा का कोंबडी?"

ते म्हणतात, तेव्हा सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. मुक्ते, जाळी मी तोडू दिली. एवढंच. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं,

"कोंबडा."

नख लावलं. फोडलं.

पांढरं.

त्या जाळीचं. कधी पांढरं न निघालेल्या जाळीचं.

दुसरं फोडलं. पांढरं. तिसरं. टॉवेलमधलं मूठभर घेतलं, दातांनी फोडलं, थुंकलं. पांढरं. पांढरं. सगळं पांढरं.

पलीकडे हसू आलं. बारीक. वाईट नाही... लहान बहीण हसते तसं. या जाळीपाशी पहिल्यांदा जिंकलेली.

"हरलास."

...

"घाल हात."

नियम तो नियम. त्यांनी उजवा हात जाळीत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. काटे ओढत गेले. आत गार होतं. मे महिन्यात, विहिरीत असतं तसं गार.

करवंद लागलं नाही.

हात लागला.

सुजलेला. त्याच्यावर काचेच्या बांगड्या. त्या हातानं यांचं मनगट धरलं. जोरात नाही. आजारी माणूस धरतं तसं.

दिवे विझले.

"मी थांबले हुते," जाळी म्हणाली. "आता तू थांब."

...

पहाटे मला दूधवाल्याचा फोन आला. नाक्यावर माझं गॅरेज, त्यामुळं कुणाची गाडी कुठं बंद पडली की आधी मला फोन. "मिस्तरी, संभाजीरावांची गाडी वळणावर उभी हाय. ते बी उभं हाईत. बोलंनात."

मी गेलो. हे मात्र माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. गाडीची बॅटरी ठार. पुढं काळंभोर, गुळगुळीत डांबर. जाळी नाही, पान नाही, काडी नाही. टॉवेल रस्त्यावर पसरलेला, रिकामा. आणि संभाजीराव उजवा हात पुढं करून उभे. हवेत. हात खाली घ्यायला मला जोर लावावा लागला.

अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा. बाहीचा एक धागा निघालेला नव्हता. मी बटण काढून बाही वर केली. मनगटापासून खांद्यापर्यंत हात ओरखड्यांनी भरलेला. काही ताजे. काही जुने, वाळलेले, पांढरे पडलेले... लहानपणीचे असावेत तसे. संभाजीरावांना लहानपणी ओरखडे कधी आलेच नव्हते. ते कायम जिंकायचे.

"आणि मुक्ताई?" गंधारनं विचारलं.

"हे लोणीच्या वेशीबाहेर पडले, तेव्हाच गेली. श्यामलाचे फोन त्याचेच."

"मग संपलं म्हणायचं," तो म्हणाला. त्याला संपायला हवं होतं.

संपलं असतं रे. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली उतरेनात. मुलगा पुढं झाला, आई, नातवाचं शिक्षण करीन. श्यामला म्हणाली, तुमची म्हैस विकणार नाही. कावळे ढिम्म. मग सगळे संभाजीरावांकडे बघायला लागले. भाऊ ना! म्हणा काहीतरी, जीव भावात अडकलाय.

काय म्हणायचं ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. तोवर त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. पण घाटावर अख्खी भावकी होती. गावचे चार मोठे लोक होते, बिल्डर पांढरे कपडे घालून आला होता. आणि बहिणीसाठी जाळी राखली, हे संभाजीरावांनी त्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं होतं.

ते पुढं गेले. हात जोडले. म्हणाले, "मुक्ते... तुला काय कमी पडू देणार न्हाय."

एक कावळा उडाला, तो नदीपलीकडे गेला. बाकीचे त्याच्या मागोमाग.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. शास्त्रात सोय आहे. शास्त्रात सगळ्याची सोय आहे. लोक चपला शोधायला लागले.

मी बोलायचा थांबलो. अजून दिवे आले नव्हते. पद्मजा म्हणाली, "काका, गोष्ट चांगलीय. पण एक सांगा, आज नेमकी वैशाख अमावस्याच कशी निवडलीत?" चिमटा होता. पण शेवटी जरा सैल पडला.

"मी कुठं निवडली? तूच विचारलंस, करवंदं कुठं आहेत म्हणून."

मी उठून कठड्याशी गेलो आणि त्यांना हातानं बोलावलं. खाली सगळं काळोखात होतं. वळणावरचा सोलरचा दिवा तेवढा जळत होता.

त्याच्या उजेडात एक माणूस उभा होता.

पांढरा शर्ट. उजवा हात पुढं केलेला. खांद्यापर्यंत सरळ. कशातच नाही.

गंधारच्या तोंडून काहीतरी निघालं, ते शब्द नव्हते.

"दरवर्षी?" पद्मजा कुजबुजली.

"दरवर्षी. याच रात्री."

"आणि तुम्ही नुसते बघता? जाऊन आणायला नको त्यांना?"

"पहिल्या वर्षी गेलो होतो. जवळ जाऊन हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, 'मिस्तरी, बोलू नका. पाळी तिची हाय.'"

"पण ते एक वाक्य... ते म्हणाले तर सुटतील ना?"

"मला काय माहीत पोरी. मी गॅरेजवाला."

आम्ही तिघं उभे राहिलो. वारा नव्हता. खाली तो हात हलत नव्हता. मग ती दोघं खाली गेली, एकमेकांचा हात धरून, मोबाइलच्या उजेडात. मी चटई गुंडाळली.

सकाळी दाराची बेल वाजली. म्हणजे दिवे आले होते. हिनं दार उघडलं. दारात गंधार, रात्रीच्याच कपड्यांत, मूठ मिटलेली. त्याच्या मागं पद्मजा, डोळे तांबारलेले.

"आम्ही वळणावर जाऊन आलो," तो म्हणाला. "ते नव्हते. डांबरावर हे पडलं होतं. दोन किलोमीटरमध्ये करवंदाची एक जाळी नाही काका, मी रोज पळायला जातो, मला माहितीय."

आमच्या हिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही. शपथेवर सांगतो, या खेपेला मी काहीही केलेलं नव्हतं.

त्यानं मूठ उघडली. तळहातावर एक करवंद. काळं, टपोरं, देठाला ओला चीक. नखानं फोडलेलं, पण दोन्ही भाग मिटलेले.

मला विचारायचं नव्हतं. पण विचारलं.

"कोंबडा की कोंबडी?"

पद्मजानं पुढं होऊन बोटानं ते उघडलं.

"कोंबडी," ती म्हणाली.